दोनशे टक्के

रहमीम झिराडकर दुकानात आले तेव्हा
मी कुणाच्या तरी भाडेकराराची तिसरी प्रत काढत होते.
पॉवर हाउसच्या चौकात सिग्नल बंद,
जो तो दुसऱ्यावर हॉर्न वाजवत.
त्यांनी खिशातून वहीचं पान काढलं.
चार अक्षरं, पेन्सिलनं,
हात थरथरल्याच्या खुणांसकट.
"हे टाइप करायचंय. दगडावर जाईल."

मराठीचे चौदा फॉन्ट आहेत माझ्याकडे,
मोडीसुद्धा केलीय एकदा, एका वकिलासाठी.
हिब्रू नव्हतं. शोधलं, चालू केलं,
पडद्यावर कळफलक उघडला:
राखाडी कळांवर राखाडी अक्षरं,
तांदळातल्या टोक्यांएवढी.
"मी दाबतो," ते म्हणाले. "हे तू नको."
माउस धरला दोन बोटांनी, श्वास रोखून,
खडकीच्या कारखान्यात व्हर्नियर धरत असतील तसा.

शिन सापडला. मेम सापडला.
कर्सर उजवीकडून डावीकडे चालला, मलाच चुकल्यासारखं झालं.
तिसऱ्यावर ते अडले.
"हेत कुठला, हे कुठला?
डावा मोतीबिंदू काढलाय. उजवा दिवाळीनंतर."
मला तर दोन्ही दारंच दिसत होती, एकाच सुताराची.
मग त्यांनी कागदावर नखानं दाखवलं:
हा हेत, छपराला दोन्ही पाय जोडलेले.
हा हे, डावा पाय छपरापासून सुटा.
भेग एवढीशी, मुंगी जाईल न जाईल.
"बोलताना आम्ही दोन्हीला हच म्हणतो.
कानाला फरक नाही. डोळ्यालाच कळायला हवा.
सिम्हा. तिच्या नावात दोन्ही आहेत, शेजारी शेजारी."
आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच हसत,
"चारचौघांत ती मला 'हे'च म्हणायची."

मी कळफलकाचा कोपरा धरून ओढला.
कळा फुगल्या, अक्षरं तशीच.
ताट मोठं, भात तेवढाच.
सेटिंगमध्ये गेले. सव्वाशे. दीडशे.
"अजून."
दोनशे टक्के, काळ्यावर पिवळं.
आता कळफलकानं अर्धा पडदा गिळला
आणि लिहिलेली दोन अक्षरं त्याच्याखाली गेली.
सरकवून सरकवून ती बाहेर काढली,
तर भाडेकरार झाकला गेला. राहू दे.

भेग दिसली.
त्यांनी आधी तिच्यावर बोट ठेवलं, काचेवर,
मग माउस तिथे आणला.

"आमच्या पोथीतही असंच असतं," ते म्हणाले.
"देव एक आहे, ही ओळ येते ना,
तिथे 'एक'चं शेवटचं अक्षर लिहिणारा मुद्दाम मोठं काढतो.
बारीक काढलं तर शेजारच्या अक्षरासारखं दिसतं,
आणि 'एक'चा 'दुसरा' होऊन बसतो."
"कधीपासून असं?"
"विंडोजच्या आधीपासून."

मी काही बोलले नाही.
वीस वर्षं माझ्या बोटांखाली घ आणि ध.
डोक्यावरची रेघ सलग, तर घर.
रेघ तुटली, तर धर.
एका पत्रिकेत मी वधूची वघू केली होती,
पाचशे प्रती, माझ्या खर्चानं.

प्रिंट काढली. अख्ख्या पानावर चार अक्षरं.
ती त्यांनी दारातल्या उजेडाला धरली,
भेगेतून पलीकडे बघितल्यासारखी.
दहा रुपये दिले, मोजून, नाण्यांत.
पायरीशी थांबले. हात मागे केला,
माझ्याकडे न बघता.
"धर जरा."

संध्याकाळी पासपोर्टचा फॉर्म भरायला एक मुलगा आला.
म्हणाला, ताई, स्क्रीन बिघडलीय का,
केवढाली अक्षरं ही.