छत्तीसचा आकडा

आधी मॅगझिन काढायचं, टॉगल वर ओढायचा,
नळीच्या बुडाशी करंगळी घालून पाहायचं.
रिकामं आहे.
नाव, साल, किंमत,
कोणी कोणाच्या कमरेवरून उतरवलं,
ते सगळं नंतर.

शेबॉयगनच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये
जानेवारीतला शनिवार. सरोवरावरचा वारा
दाराच्या फटीतून शिट्टी घालतोय.
विल्मा टे रोंडी, वय अठ्ठ्याहत्तर,
सफरचंदं छापलेल्या पुसण्यातून
वडिलांचं पिस्तूल सोडते,
गरम पाव सोडावा तसं.

मी भिंग लावतो.
टॉगलवर मुकुट, मुकुटाखाली एरफुर्ट.
वर १९१७.
त्या साली तिथे माणसं सलगम खात होती,
सलगमाचा पाव, सलगमाची कॉफी,
आणि तरी कुणा तपासनिसानं
नखाएवढ्या पट्टीवरसुद्धा
आपला ठसा मारायचा सोडला नाही.
इतर कारखाने एवढं मनावर घेत नसत.

शेवटचे दोन आकडे बघायचे असतात. मी मोठ्यानं वाचतो,
ती माझ्यामागून पुटपुटते, प्रार्थनेत पुटपुटतात तशी:
ट्रिगर, त्रेसष्ट.
बाजूची पट्टी, त्रेसष्ट.
सेफ्टी, त्रेसष्ट.
आतला स्ट्रायकरही त्रेसष्ट, जो बहुतेकांचा हरवलेला असतो.
सहा आणि तीन, समोरासमोर,
एकाच टेबलावर जेवायला बसल्यासारखे.

“हा ट्रिगर निळा कसा?” मी विचारतो.
“वडिलांनी करून घेतला. अठ्ठावन्न साली.
हार्डवेअरवाल्या डिकमनकडे सगळंच बुडवून काढलं, नव्यासारखं.
आणि दर अकरा नोव्हेंबरला स्वयंपाकघरात,
वर्तमानपत्र पसरून, तासभर घासायचे.
आम्हाला बोलायची परवानगी नसे.”

आता हे कसं सांगायचं, बाई.
ट्रिगर मुळात वाळल्या गवताच्या रंगाचा होता.
युद्धाच्या घाईत राहिलेले कानशीचे ओरखडे,
दस्त्यावरची पलटणीची अक्षरं,
सगळं गेरिट लामर्स यांनी
चाळीस वर्षं मन लावून
पुसून काढलं.
मातीत टाकून दिलं असतं
तर एखादेवेळी जास्त आले असते.

मी एवढंच म्हणतो, “रंग मूळचा नाही.”

मग मॅगझिन उलटं करतो. लाकडी बूड,
तेलानं काळं पडलेलं. आणि त्यावर
तीन आणि सहा.
पाठीला पाठ लावून.

“उलटं छापलं असेल,” ती म्हणते.
नाही. हे दुसऱ्याचं आहे.
कुठल्यातरी खंदकात दोघंजण
एकाच कंदिलाखाली साफसफाई करत होते,
किंवा एक मेला आणि दुसऱ्यानं
भरलेलं होतं ते उचललं,
किंवा तुमच्या वडिलांनीच
मार्नच्या काठी चिखलात चाचपडताना
हाताला लागलं ते खोचलं.
यातलं काहीच कागदावर येत नाही.
कागदावर येतं: मॅगझिन जुळत नाही.

मूळ रंग आणि जुळतं मॅगझिन असतं तर साडेतीन हजार डॉलर.
असं आहे तसं, आठशे.
कुणी हौशी भेटला तर नऊशे.

ती रडली नाही. लोक रडतात, मी रुमाल ठेवतो.
तिनं पर्समधून पेन्सिल काढली,
चर्चच्या पत्रकामागे आठशे लिहिलं,
खाली रेघ ओढली. मग विचारलं,
“मग त्या छत्तीसवाल्याकडे
आमचं त्रेसष्ट असेल का?”

एकतीस वर्षं हा धंदा करतोय,
हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.
असेल, म्हणालो. नसेलही.

पुसण्याच्या चारही कडा नीट घडी करून
ती पार्किंगकडे गेली, बर्फावरून, हळू.
तिनं ते विकलं की नाही, मला ठाऊक नाही.
पण तेव्हापासून कुठलंही पिस्तूल आलं,
बव्हेरियाचं, बर्लिनचं, कुणाच्या माळ्यावरचं,
की माझा हात अजून
आधी आत गोळी आहे का ते पाहतो,
आणि लगेच, मुकुटाच्याही आधी,
लाकडाचं बूड.