चौथा पोर्ट

जुन्या कॉम्प्युटरचं पोट उघडून बसले आहे
सावद्याला, केळी ग्रुपच्या ऑफिसात.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती घरघर.
बोर्डावर एकच पोर्ट,
त्याच्या चिपवर खेकड्याचं चित्र.
खेकडा वाईट नाही. पण भार वाढला की
बिळात शिरतो, ओढून काढावा लागतो,
आणि पहाटे चारला, गाड्या भरताना,
ओढायला मी इथे नसते.

म्हणून वेगळं कार्ड. किती तोंडांचं?

फिरके अण्णा वहीतून मान न उचलता म्हणतात,
"दोन. एक येन्याचं, एक जान्याचं. चार कायले?"
मी फायरवॉल समजावायला लागते,
ते हात वर करून थांबवतात.
"म्हंजे शेवरी."

हो अण्णा, शेवरीच.
मे महिन्याचा वारा केळीच्या पानांच्या चिंध्या करतो
म्हणून बागेभोवती दाट लावलेली,
पाणी पिणारी, जागा खाणारी,
एक घड न देणारी.
"मंग शेवरीत चार खिंडारं कोन ठेवते?"

मी काट्याच्या पावतीमागे लिहून दाखवलं.
एक: बाहेरची तार. लाइन शंभराची,
तिच्यासाठी अडीच हजारांचा वेग घेणं म्हणजे
दोघांच्या आमटीला पंगतीचं पातेलं.
दोन: हे ऑफिस.
तीन: वजनकाटा, एकटा, कुणाशी न बोलणारा.
आठवा, काट्यावर कुणीतरी पेन ड्राइव्ह लावून सिनेमा बघितला
आणि दोन दिवस प्रत्येक ट्रकचं वजन
किलोला किलो सारखं आलं.

अण्णा हसले नाहीत. तेव्हाही हसले नव्हते.

"आन् चौथं?"

मी खिडकीकडे बोट केलं.
रामसजीवन, गोंड्याचा, ट्रकच्या सावलीत
फोन दोन्ही हातांनी आभाळाकडे धरून उभा.
अकरा दिवसांची मुलगी,
तिचा चेहरा त्याला अजून चौकोनाचौकोनांत दिसतो.
मागे तुम्हीच एकाला ऑफिसचा पासवर्ड सांगितलात,
संध्याकाळी तुमच्या वहीशेजारी चाळीस फोन.
मी पासवर्ड बदलला.
कुणी काही विचारलं नाही.

अण्णांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"त्याले काट्यापर्यंत जाता येईन?"
नाही. वहीपर्यंतही नाही. फक्त बाहेर.
"घे मंग चारचं."

जळगावला, गोलाणीत, दुसऱ्या मजल्यावर
सर्व्हरमधून उपटलेलं कार्ड मिळालं.
दुकानदार म्हणाला ओरिजनल,
मी भिंग लावून स्टिकर वाचला, डाग चाचपले.
घरी आणल्यावर कळलं, पट्टी आखूड.
केळीचे खोके बांधायच्या पट्टीने आवळून टाकलं.

कुठलं भोक कितवं, हे कार्ड सांगत नाही.
मी मागे वाकून तार घालायची,
अण्णा स्क्रीनसमोरून ओरडायचे, "पेटला!"
एक खाली निघाला, तीन वर.
मार्करने नंबर घातले.
चौथ्यावर त्यांनी स्वतः लिहिलं: गाडीवाले.
अक्षर वाकडं, ह्रस्वदीर्घ बरोबर.

आता रोज सकाळी नोंदी चाळते.
काटा: शांत.
चौथा: रात्री दोन दहा, चाळीस मिनिटं, एक फोन.
पुढचं पान उघडता येतं.
उघडत नाही.
खेकड्याच्या तोंडाला टेप लावली आहे,
उन्हाने ती सारखी सुटते.