अडीचचा तास

तेरा वर्षं मी फळ्यावर तेच चार 'पी' लिहितोय.
प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस...
चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर
मागच्या बाकावर मगदूमची मान पडलेली असते.
त्याला उठवायचं पाप मी करत नाही.
डब्यातली भाकरी उतरायला वेळ लागतो, मान्य आहे.

मंगळवारी पहाटे कपिलतीर्थातून
चाळीस जुड्या मेथी आणली,
पोत्यात कोंबून, स्कूटरवर पायाशी.
पैसे माझेच. अभ्यासक्रमात त्याची सोय नाही.
अडीचपर्यंत ती टेबलावर
माझ्यासारखीच दिसायला लागली.
म्हटलं, चारच्या आत विकायची. गेटबाहेर.
उद्या हिला म्हैससुद्धा हुंगणार नाही.

मगदूम जागा झाला.
सन्मतीनं मोबाइलवर पोस्टर केलं,
त्यावर फोटो कोथिंबिरीचा आला.
दोघंतिघं घसा फोडून ओरडले, 'या मावशी, ऑर्गॅनिक!'
मावशीनं जुडी उलटी केली, देठ बघितले,
'शिळी हाय रं,' म्हणाली
न् केएमटीत चढली.

तबस्सुम बागवान ओरडली नाही.
पायरीवर बसून तिनं जुड्या सोडल्या,
पिवळी पानं वेचून टाकली,
देठ खुडले, दोनाची एक बांधली,
ओला हात वरून नुसता झटकला.
आणि जिच्या बोटाला दप्तरवालं पोर होतं
त्या बाईलाच तेवढं म्हणाली,
'निवडलेली हाय काकी, जाऊन नुसती फोडणीला टाका.'

साडेतीनला पोतं रिकामं.

वर्गात विचारलं, कुठं शिकलीस हे?
'शिकलो न्हाई सर,' ती म्हणाली,
'संध्याकाळी आईजवळ बसतो.'
बाकांवर वह्या उघडल्याचा आवाज आला.
त्या तासात मी काही सांगितलं नव्हतं.

आता सत्राच्या पेपरांचा गठ्ठा समोर आहे.
प्रश्न तिसरा. ग्राहकमूल्य म्हणजे काय? दहा गुण.
मगदूमनं व्याख्या उतरवलीय, पान भरून,
खाली दोन रेघा, पट्टीनं.
तबस्सुमची एक ओळ:
'घरी गेल्यावर बाईचा अर्धा तास वाचला पाहिजे.'

नमुना उत्तराप्रमाणे होतात दोन.
लाल पेनाचं टोपण काढून
मी बराच वेळ बसलोय.
भाव फुटत नाही.