मार्चपर्यंत

फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे
ओल्या शेवाळात गुंडाळलेला मादागास्करचा कंद.
बरणीवर व्लास्तिमीलचं तिरपं अक्षर:
कुजलेला नाही, झोपलाय.
मार्चपर्यंत फेकू नये.

लेक म्हणाली, आलं आहे का हे?
द्राहोमीरा म्हणाली, तुझ्या बाबांचं आहे. राहू दे.

ओलोमोउत्सच्या खिडक्यांवर बर्फ.
टाकी तिनं रिकामी केली नव्हती,
दिवा मात्र लावत नव्हती.

मार्चात बादलीभर पाणी रात्रभर उघडं ठेवलं,
क्लोरीन उडून जावं म्हणून.
एवढं तिला ठाऊक होतं,
चाळीस वर्षं ती त्याच बादलीला ठेचकाळत आली होती.
कंद रोवला, निम्मा वाळूबाहेर.
मग तीन आठवडे
काहीच नाही.

आज पहिलं पान.
नुसत्या शिरा, मधे गर असा नाहीच,
पाणी आरपार जातं.
त्यावर एक गोगलगाय चढत होती.
तिनं बाही सारली, कोपरापर्यंत हात घातला,
गोगलगाय काचेवर नेऊन ठेवली
आणि हात तसाच आत राहू दिला.

गार आहे रे, ती म्हणाली,
तुझ्या ह्याला लागतं
तेवढंच.