कोपरापर्यंत हात

वहिनी, तुमचा निरोप तुटक तुटक आला.
मागे गटातल्या बायका हसत होत्या,
कुणीतरी म्हणालं, 'भावजींना विचार, कोळंबी रडते का?'

इथे रात्रीचे पावणेतीन. उम्म अल् कुवैनच्या खाडीमागे
आमची बारा तळी, मिठाने पांढरे पडलेले बांध,
आणि मी पाळीवर. मध्ये पंख्यांची घरघर येईल,
येऊ दे. ती थांबली तर मी फोन ठेवीन.

आधी माती. ओली करून मुठीत दाबा,
गोळा वर उडवून झेला. फुटला नाही तर खणा.
फुटला तर पैसे पोस्टातच बरे.
चुना मारा, तळाला भेगा पडू द्या,
उद्घाटनाची घाई असलेला सरपंच बांधावर नको.

पाणी हिरवट हवं, किंचित तपकिरी.
मीटर नसेना का, कोपरापर्यंत हात बुडवा.
बोटं स्वच्छ दिसली, तर पाणी उपाशी आहे: कोंडा-गूळ भिजवून घाला.
मनगटच दिसेनासं झालं, तर माजलंय: खाणं थांबवा.
बोटं असल्यासारखी वाटली, म्हणजे जमलं.
हे मला कंपनीने नाही शिकवलं, मोतालेबने शिकवलं.
तो सातखिऱ्याचा. त्याच्या बापाच्या भातात
शेजारच्या घेरातलं खारं पाणी शिरलं
आणि मग तांदूळ कधी आलाच नाही.
तुमच्या बांधापलीकडे पराडकरांची विहीर आहे ना?
त्यांना आधी विचारा. चहाला बोलावून विचारा.

पिल्लं येतील पिशवीत, पापणीच्या केसाएवढी.
पिशवी तासभर तळ्यावर तरंगू द्या,
मग तळ्यातलं पाणी वाटी-वाटीने आत.
मला विमानतळावरून थेट बेचाळीस अंशांत ओतलं होतं.
पिल्लांना तसं करू नका.

चौरस मीटरला वीस पुरे. इथे दोनशे टाकतात.
आपल्याकडे वीज किती तास असते, मला माहीत आहे.

चाळणीत मूठभर खाणं ठेवून तळाशी सोडा,
दोन तासांनी वर काढा. उरलं तर कमी करा.
'खा गं, अजून थोडं,' ही आपल्या घरातली खोड
तळ कुजवते.

अमावास्येच्या सुमाराला ती कात टाकते.
मऊ पडते, बाकीच्यांपासून लपते.
ते दोन दिवस पाण्याला धक्का नको.
मीसुद्धा अमावास्येला घरी फोन करत नाही.
का ते

थांबा.

सव्वासहा वाजले, वहिनी.
जनरेटर धरला नाही. सात नंबरचे पंखे गेले
आणि कोळंबी काठाशी आली, सगळ्या मिशा वर.
मोतालेब जेवणाचं ताट घेऊन छातीभर पाण्यात उतरला,
ताटाने पाणी बडवायला लागला.
मग मी. मग मिसरी इंजिनियर रिफअत, पायजम्यातच.
मग खानावळीचा कुंजुमोन, डोसातवा घेऊन.
चाळीस मिनिटं आम्ही तळ्याला मारत होतो, जगावं म्हणून.
निम्मं गेलं.

मालकांचे म्हातारे वडील उजाडताना आले.
त्यांचे वडील मोत्यांसाठी बुड्या मारायचे, श्वास मोजत.
त्यांनी एक मेलेली उचलली, उजेडात धरली,
पाठीतला काळा दोरा पाहिला: भरलेला.
'जेवून गेली,' म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

तर दोन पंखे घ्या, एक उधारीचा का होईना.
रात्रीच्या पाळ्या लावा, आठजणींच्या,
एकटीला कुणाला बसवू नका.
आणि ताटं बांधावर ठेवा, स्टीलची, जाड.

राहिलं ते तुमच्या मैत्रिणीचं.
रडत नाही. पण खाताना आवाज करते,
लांबच्या घरात मोहरी तडतडावी, एवढाच.
पीव्हीसीची नळी पाण्यात सोडून कान लावा.
आत्ता आठ नंबरला लावून पाहिला,
चालू आहे.