निरंक

मुंबईहून तक्ता आला.
रकाना एक: जिल्ह्यास लाभलेला समुद्रकिनारा, किलोमीटरमध्ये.
मी लिहिलं, निरंक.
रकाना दोन: यांत्रिक नौका. निरंक.
रकाना तीन: मासळी उतरवण्याची बंदरं.
खिडकीबाहेर होटगी रोडवर
चव्वेचाळीस डिग्रीत मऊ झालेलं डांबर,
त्यात एका म्हशीचा खूर उमटलेला, कोरडा.
निरंक.

आमचं ऑफिस गोड्या पाण्याचं.
उजनीत सोडायचं बोटुकलं, कटला, रोहू,
ठेक्यावरून सोसायट्यांची भांडणं, बस.
पण यंदा आदेश सगळ्यांना सारखा:
ग्राहकांत जागृती करावी,
विहित लांबीहून लहान मासा कुणी घेऊ नये.
सोबत पोलादी पट्टी एक.
जाळ्याचा नमुना एक, चौकोनी आसाचा.

पट्टी घेऊन मंगळवार बाजारात गेलो.
तानुबाई मल्लाव पोत्यावर बसलेल्या,
पुढं सुकट, बोंबील, थोडा बांगडा.
पुस्तिकेतला बोंबील ओला होता,
कुणीतरी पोटात हवा भरल्यासारखा.
पोत्यावरचे सतरा मोजले. सतराही आखूड.
"सायेब, वाळल्यावर मोजताय व्हय?
माझा दाल्ला शिविलमधनं घरी आणला
तवा वीतभर कमी भरला हुता.
जित्ता केवढा हुता ते सांगनारी पट्टी आना."
गिऱ्हाइकं हसली.
एका पोरानं पट्टी उचलून आपली चप्पल मोजली.

जून-जुलैचं विचारलं, बंदीचं.
"बाळंतिनीला सव्वा म्हैना, समिंदराला दोन.
चांगलंच हाय की.
म्या समिंदर बघितला न्हाई,
पर बाळंतपनं सा काढल्याती."
मग सुकट मापात दाबत,
"त्या दोन म्हैन्यात भाव चढतोय,
गिऱ्हाईक अंडी घेऊन घरी जातंय.
त्ये कुठल्या घरात लिवता?"
मी तक्ता उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

जाळ्याचा नमुना घरी नेला, नायनांना दाखवायला.
एकेचाळीस वर्षं यंत्रमागावर, डोळे आता धुरकट,
वाचायचं ते बोटांनीच.
"हे काय रे, नुसती भोकंच."
मी सांगितलं, लहान मासा निसटावा म्हणून.
एकदा तरी त्यानं अंडी घालावीत,
मग यायचं तर यावं.
बराच वेळ गप्प.
"चादरीत भोक निघालं की मालक दीड रुपया कापायचा.
तुझं सातवीचं दप्तर गेलं त्यात.
आणि इथं सरकार भोक मापून मागतंय."
हसता हसता खोकला लागला.
पाणी प्याले. ग्लास ठेवता ठेवता विचारलं,
"भिजल्यावर किती आटतं हे?"

मला माहीत नव्हतं.
पुस्तिकेतही नव्हतं.
"गाठ पाण्यात ओढली की घर बारीक होतं.
मागावर चाळीस धरलं
तर धुतल्यावर चाळीस राहत नाही.
विचार त्यांना."

शेरा या रकान्यात मी दोन ओळी लिहिल्या.
एक तानुबाईंची: सुकल्यावर मासा किती आटतो.
एक नायनांची: भिजल्यावर जाळं किती आटतं.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
"लोंढे लावू नका, निरंक लिहायचं,"
आणि तरीही सही केली,
कदाचित जेवायची वेळ झाली होती म्हणून.

उत्तर आलं श्रावण संपता संपता,
आवक क्रमांक टाकून फायलीत लावलं:
सदर बाब आपल्या जिल्ह्यास लागू नाही.
नमुना परत मागितला नाही कुणी.

तो आमच्या खिडकीच्या गजाला अडकवलाय.
दुपारी वीज गेली, शेजारचे माग थांबले,
की नायना त्याच्यापाशी खुर्ची ओढतात.
करंगळी घालतात, आरपार जाते.
"चेपा," म्हणतात, "पिल्लू. गेलं."
मग अंगठा घालतात.
तो अडकतो, पेराशी.
ते ओढत नाहीत.
माग सुरू होईपर्यंत तसाच ठेवून
बाहेरच्या उन्हाकडे तोंड करून बसतात.