एकास बारा

रुस्तावीच्या या नऊ मजली इमारतीला
दारापुढे पाच पायऱ्या,
आणि पायऱ्यांवर तिरपे ठोकलेले दोन लोखंडी रूळ.
नगरपालिकेच्या वहीत त्यांचं नाव ‘उतार’.
ती वही घेऊनच मी आले होते.

मालखाज म्हणाला, बाई, चढून दाखवा.
खुर्ची रिकामी करून दिली,
आणि स्वतः कठड्यावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला.
चाकं रुळांवर घेतली. आभाळ दिसलं.
मागून कुणीतरी खुर्ची धरली, म्हणून मी आहे.
पाव पोचवणारं पोरगं होतं.
म्हणालं, रोजचंच आहे. तुम्ही हलक्या तरी आहात.

मग टेप काढला.
एक वीत चढायची तर बारा विती चालायच्या,
हिशोब नऊ मीटरवर गेला
आणि अंगण सहावर संपलं,
द्राक्षवेलीपाशी.
कचेरी फोनवर म्हणाली, वेल तोडा.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्सियालाबाई तेवढ्यात खाली आल्या,
हात पुढे धरून, पाय चाचपत.
मला दार दिसत नाही, म्हणाल्या,
पानं बोटांना लागली की घर आलं.
हिवाळ्यात?
हिवाळ्यात खोड.

वेल राहिली.
उतार तिच्यापर्यंत जाईल, वळेल, परत येईल.
वळायला चौक लागतो:
दीड मीटर बाय दीड, नियमाप्रमाणे.
त्सियालाबाईंनी विचारलं,
त्यात शवपेटी वळेल का?

मी पेन्सिल थांबवली.

लिफ्टमध्ये मावत नाही हो ती.
आमच्या गिवीला जिन्यावरून उतरवला,
प्रत्येक वळणावर उभा करून.
जन्मभर भट्टीपुढे वाकलेला माणूस,
त्या दिवशी काय ताठ होता!
हसल्या. मग हसू आवरेना,
मग ते हसू राहिलं नाही.
मालखाजनं बियांची पुडी त्यांच्या हातात दिली.

दीड खोडलं. सव्वादोन लिहिलं.
एवढ्यात मी नाचेन, मालखाज म्हणाला,
पण कठडा खाली घ्या,
तुमचे कठडे नेहमी उभ्या माणसांचे.
तोही खोडला.

रात्री कचेरीचा अर्ज भरला.
‘कोणासाठी?’ असा रकाना होता:
अपंग, वृद्ध, इतर. एकावरच खूण करा.
पोरगं आठवलं, त्याच्या पावांचा ढीग,
गिवीचा ताठ कणा,
खोड शोधणारी बोटं.
तिन्ही चौकोन कोरे ठेवले
आणि समासात लिहिलं:
येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी.